निंबाचा पाला आणि तीन कोटी ओळी

वरुडकडच्या आमच्या गावात कम्प्युटरचा वेग सेकंदात मोजत नाहीत, विजेत मोजतात. लाइन जायच्या आत काम झालं तर प्रोग्राम चांगला. नाही झालं तर उद्या पुन्हा पहिल्यापासून. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेला माझा प्रोग्राम पाच तास घ्यायचा. इन्व्हर्टर साडेतीन तास टिकतो, तोही पंखा बंद ठेवला तर.

काम संत्र्याचं होतं. अंबिया बहारासाठी हिवाळ्यात झाडाला ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात. झाड उपाशी राहून चिडतं आणि मग फुलावर येतं. ताण किती दिवस द्यायचा हे प्रत्येक बागाईतदार आपल्या अंदाजाने ठरवतो आणि शेजाऱ्याचा अंदाज चुकला असं पारावर सांगतो. हा वाद मिटावा म्हणून आमच्या शेतकरी गटाने २०० ठिकाणी जमिनीतली ओल मोजणारे सेन्सर पुरले. दर १० मिनिटांनी एक रीडिंग. तीन वर्षांत ओळी झाल्या तीन कोटी पंधरा लाख. वाद मिटला नाही, पण ओळी माझ्या गळ्यात पडल्या, कारण गटात लॅपटॉप माझ्याकडेच.

मला प्रत्येक रीडिंगपाशी मागच्या तीन, सात आणि पंधरा दिवसांची सरासरी हवी होती. म्हणजे एका ओळीसाठी ३,६०० आकडे मिळवायचे. गुणाकार करून पाहिला तर ११,३४० कोटी बेरजा निघाल्या. मी तो कागद घडी करून खिशात ठेवला.

पायथन गुणी आहे, पण फार चौकस. मंडीत एखादा मापाडी प्रत्येक कॅरेट उघडून विचारेल, "तू कोण? संत्रं? बरं, संत्रं कसं मोजतात ते पाहून येतो." शेजारचं कॅरेट उघडून पुन्हा तेच. पायथन प्रत्येक आकड्याला असंच विचारतो, कारण पुढच्या आकड्याच्या जागी नाव-पत्ता निघाला तरी त्याची ना नसते. सैल स्वभावाची किंमत वेळेत मोजावी लागते.

म्हणून मी निम नावाची भाषा धरली. आंद्रेआस रुम्फ या जर्मन माणसाने २००५ मध्ये ती करायला घेतली, २००८ मध्ये लोकांसमोर आणली. २०१४ पर्यंत तिचं नाव निमरॉड होतं. दिसायला पायथनसारखीच, तशाच समास सोडून लिहिलेल्या ओळी. पण इथे एकदाच सांगायचं की या गाडीत फक्त संत्री आहेत. मग ती सगळं सी भाषेत उतरवते, त्याचं मशीनच्या भाषेत होतं आणि अख्खी गाडी थेट काट्यावर चढते.

"माय, मी निम शिकून राह्यलो," मी म्हणालो.

"निंब? थो का शिका लागते? पाडव्याले पाला चावला का झालं."

गूगलचंही मत मायसारखंच निघालं. 'निम वेग कसा वाढवावा' असं विचारलं, तर पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी सुचवली गेली. पायथनमध्ये अडलं की शंभर लोक आधीच अडून, भांडून, उत्तर लिहून गेलेले असतात. निममध्ये अडलो की मी, एरर आणि पाल.

एका गोष्टीने मात्र मी हरखलो. निममध्ये व्हेरिएबलच्या, म्हणजे आकडा ठेवायच्या खणाच्या, नावाचं पहिलं अक्षर जुळलं की पुढे कॅपिटल लिहा, स्मॉल लिहा, मध्ये अंडरस्कोर घाला नाहीतर गाळा, ती ओळखते. माझं आडनाव सातबाऱ्यावर एक, आधारवर दुसरं आणि बँकेत तिसरं आहे. एका वेलांटीपायी मी चार खेटे मारले आहेत. त्या खिडकीत ही भाषा बसवायला पाहिजे.

बारा दिवसांनी प्रोग्राम उभा राहिला. एंटर दाबलं आणि चहा ठेवला, कारण निम काही सेकंदांत आटोपते असं वाचलं होतं. चहा झाला, जेवण झालं, भांडी झाली. पावणेदोन तास लागले. पाचाचे पावणेदोन म्हणजे वाईट नाही, पण त्यासाठी बारा दिवस डोळे फोडले होते.

तिसऱ्या दिवशी कळलं. कम्पाइल करताना, म्हणजे प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवताना, 'डॅश डी कोलन रिलीज' असं लिहावं लागतं. नाही लिहिलं तर ती पावलापावलावर तपासण्या करत, कुठे ठेचकाळलो तर सांगता यावं म्हणून नोंदी ठेवत चालते. म्हणजे मी हँडब्रेक ओढून ट्रॅक्टर चालवत होतो. तेवढे शब्द लिहिले आणि सहा मिनिटांत खेळ खलास. आणखी एक पर्याय सापडला, त्याचं नावच 'डेंजर'. तो उरलेल्या तपासण्याही काढून टाकतो. वावरातल्या डीपीवर, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरवर, कवटी आणि दोन हाडांचं चित्र असतं, तसलं काहीतरी वाटलं, पण लावून पाहिलंच. मिनिटभर वाचलं. कशासाठी वाचवलं ते विचारू नका.

पुण्याच्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, दरवेळी सगळी बेरीज पहिल्यापासून कशाला? मागच्या बेरजेतून जुनं रीडिंग वजा करायचं, नवं मिळवायचं. पायथनमध्येही लवकर झालं असतं." मी रेंज गेल्याचं सांगून फोन ठेवला.

घरात मात्र मिरवायचं होतं. जेवताना सांगितलं, "भाऊ, पाच तासांचं काम आता सहा मिनटात होते!"

इथे एक कबुली द्यायला हवी. मार्चात आमच्या फीडरला मोटार चालवणारी थ्री फेज वीज रात्रीची येते. ओलिताला रात्री वावरात जावं लागतं, आणि गेला महिनाभर ते भाऊ एकटाच करत होता. कारण माझा प्रोग्राम रात्री चालायचा आणि लाइन गेली तर लॅपटॉपपाशी कोणीतरी जागं पाहिजे, असं मीच घरात ठसवलं होतं. जागा मी असायचोच. पडून.

भाऊने भाकर मोडता मोडता वर पाहिलं. "सा मिनटात?"

"पाच म्हन, डेंजर लावलं तं."

"मंग बरं झालं. आज मोटार तूच लाव. मी झोपतो."

माय म्हणाली, "टॉर्च चार्ज हाय, पाय मी."

रात्री दीडला मी डीपीखाली उभा होतो. स्टार्टर दोनदा ट्रिप झाला, तिसऱ्यांदा पाणी आलं. वर कवटी होतीच. गार पाण्यात पाय बुडवून सरीचं तोंड फोडताना एकच गोष्ट बरी वाटली : पायथनची जुनी फाइल मी अजून डिलीट केलेली नव्हती.