२ स्टार दिलेत, त्यातला कोपऱ्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य

काका नमस्कार. तुमच्या जुन्या स्पीकरच्या पेट्या मी पॉलिश करून दिल्या, त्याचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. कुंडीचा डाग पूर्ण गेला नाही, पॉलिश काचेसारखं नाही, ३ आठवडे सांगून ७ लावले, बेस कमी झाला आणि मागच्या कोपऱ्यात भुसा दिसतोय. शेवटच्यापासून सुरू करतो, कारण तिथे मी खरंच माती खाल्लीय.

तुमचे डिटन १५ स्पीकर भरीव अक्रोडाचे नाहीत, आत चिपबोर्ड (भुसा दाबून केलेली फळी) आणि वर अक्रोडाचा व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, दोन व्हिजिटिंग कार्डं एकावर एक ठेवली की होईल तेवढाच जाड. सपाट जागी मी काचपेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून घासतो, त्या कोपऱ्यावर मात्र आळस केला, नुसत्या बोटाने फिरवला, दोन हात जास्त बसले आणि करंगळीच्या नखाएवढा चिपबोर्ड उघडा पडला. त्याहून वाईट म्हणजे मी त्यावर स्टेन (लाकडाचा रंग) मारून गप्प बसलो, म्हटलं भिंतीकडची बाजू आहे, कोण बघतंय. तुमच्या नातीने टॉर्च मारून बघितलं. सॉरी काका, सांगायला हवं होतं.

म्हणूनच वरच्या फळीवरच्या डागाला मी फार छेडलं नाही. कुंडीच्या लोखंडी स्टँडचं पाणी अक्रोडात मुरलं की ते काळं वर्तुळ पडतं, ते वरवर नसतं, आत जातं. ऑक्झॅलिक अ‍ॅसिड दोनदा लावून धुतलं, कोळशासारखं होतं ते आता चहाच्या कपाच्या डागाएवढं राहिलंय, उरलेलं घासून काढायला गेलो असतो तर अख्ख्या फळीवर कोपऱ्यासारखीच गत झाली असती.

काचेसारख्या पॉलिशचं मी पहिल्याच फोनवर बोललो होतो, डायनिंग टेबलला मारतात तसं पीयू (पॉलियुरेथेन) मी या जुन्या पेट्यांवर मारत नाही. चपडा लाख आणि वर वॅक्स, बास. (सॅनिटायझरने पुसू नका हां, स्पिरिटमध्ये लाख विरघळते.) उशीर पावसामुळे झाला, हवेत ओल असली की लाख पांढरी पडते, पण पुण्यात राहून जूनमध्ये ३ आठवडे कबूल करणारा येडा मीच, आणि मधे एक फोनही केला नाही.

बेसचं घरीच बघता येईल. आधी दोन्ही स्पीकरच्या मागच्या वायरी तपासा, एकाची प्लस-मायनस उलटी लागली तर दोघांचा बेस एकमेकाला खातो. त्या बरोबर असतील तर जाळी काढून वायर नसलेला गोल, म्हणजे एबीआर, चार बोटांनी हळूच आत दाबून धरा. वूफर (बेसचा, वायर असलेला गोल) बाहेर येऊन थोडा वेळ तसाच राहिला पाहिजे. लगेच मागे बसला तर कुठूनतरी हवा गळतेय, म्हणजे ड्रायव्हर (पेटीतले आवाजाचे गोल) परत बसवताना माझ्याकडूनच गास्केट, म्हणजे हवाबंद करणारी कडेची पट्टी, नीट लागली नाही, तेही फुकट करून देईन.

कोपऱ्याला जुन्या अक्रोडाच्या व्हिनियरचं ठिगळ लावतो, नीट बघितलं तर जोड दिसेल हे आत्ताच सांगून ठेवतो. त्या पेटीची मजुरी परत करतोय, न्यायचा-आणायचा टेम्पो माझा. रविवारी अकराच्या सुमारास फोन करतो. रिव्ह्यू आत्ता बदलू नका, ठिगळ बघून काय ते लिहा, आणि बघायला नातीलाच बसवा.