लपलेले पात्र चालू लागले की काय होते?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून, फासे टाकत खेळायच्या भूमिका-खेळाचे नवे नियमपुस्तक (प्लेअर्स हँडबुक) २०२४ मध्ये आले, तेव्हापासून लपण्याच्या नियमावरचा वाद शमलेला नाही. माझ्या मते तो मुळात भलत्याच प्रश्नाभोवती फिरतो. ‘पात्र लपलेले आहे की नाही’ हे सगळे विचारतात. पण ते कोणापासून लपलेले आहे आणि चालायला लागल्यावर कुठपर्यंत लपलेले राहते, हे ठरवल्याशिवाय पहिल्या प्रश्नाला काही अर्थच उरत नाही.

आधी नियम पाहू. लपायचे असेल तर दाट अंधार किंवा धुके हवे, नाहीतर किमान तीन-चतुर्थांश कव्हर, म्हणजे आडोसा, हवा, आणि कोणत्याही शत्रूची थेट नजर आपल्यावर नसावी. या अटी पूर्ण झाल्या की स्टेल्थ चेकमध्ये, म्हणजे लपण्याच्या कौशल्यासाठी टाकलेल्या फाशात, १५ किंवा अधिक मिळवावे लागतात. ते मिळाले की पात्राला ‘इन्व्हिजिबल’ (अदृश्य) ही स्थिती लागू होते, आणि चेकमध्ये जो आकडा आला तोच शत्रूला पर्सेप्शन (चाहूल घेण्याच्या) चेकने गाठावा लागतो. ही स्थिती चार कारणांनी संपते: कुजबुजीपेक्षा मोठा आवाज केला, शत्रूने शोधून काढले, हल्ल्याचा फासा टाकला, किंवा तोंडाने उच्चारायचा मंत्र म्हटला.

या चार कारणांत ‘आडोसा सोडून उजेडात येणे’ हे कारण नाही, आणि सगळी गंमत तिथेच सुरू होते. नियम शब्दशः वाचणाऱ्यांचे म्हणणे असे, की एकदा १५ च्या वर गेल्यावर ‘रोग’ (rogue) या चोरपावलांनी वावरणाऱ्या क्लासच्या, म्हणजे पात्रप्रकाराच्या, पात्राने मशालींनी लखलखलेल्या दालनाच्या मधोमध, पहारेकऱ्याच्या नाकासमोर उभे राहिले तरी चालेल. जोवर त्या पहारेकऱ्याचा पर्सेप्शन चेक यशस्वी होत नाही, तोवर ते त्याला दिसणार नाही. २०१४ च्या आवृत्तीत याला उत्तर छापलेले होते. तुम्हाला स्पष्ट पाहू शकणाऱ्यापासून तुम्ही लपू शकत नाही, आणि लढाईत आडोसा सोडून शत्रूच्या जवळ गेलात तर तो सहसा तुम्हाला पाहतो, असे तिथे म्हटले होते. ते विधान नव्या नियमात त्या रूपात आलेले नाही.

तरीही मला शब्दशः वाचन पटत नाही, आणि ते केवळ वास्तवाला सोडून आहे म्हणून नव्हे (ड्रॅगन उडणाऱ्या खेळात वास्तवाची सबब फार ताणता येत नाही). माझा आक्षेप त्याच पुस्तकातल्या एका अधिक मूलभूत तत्त्वावर उभा आहे: निकाल अनिश्चित असेल तेव्हाच चेक मागायचा. बंद नसलेले दार उघडायला आपण फासा टाकायला लावत नाही. मग दहा फुटांवर, भर उजेडात, कसलाही आडोसा नसलेला माणूस दिसण्यासाठी जागा असलेल्या पहारेकऱ्याला चेक का मागायचा? त्याने शोधून काढले, एवढे म्हणून स्थिती संपवणे हे नियमाच्या चौकटीतच बसते.

मात्र याच तर्काने आडोशाबाहेर पाऊल पडताक्षणी स्थिती संपवली, तर नव्या नियमाने जे साधले तेच हातचे जाते. २०१४ च्या नियमात धनुष्य घेतलेल्या रोगला लपण्याचा पुरेपूर फायदा होता. खांबामागून बाण सोडायचा, ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा धरण्याची सवलत) घ्यायचा, स्नीक अटॅकचे, म्हणजे बेसावध वाराचे, जादा फासे टाकायचे आणि बोनस ॲक्शनने, म्हणजे पाळीतल्या जादा छोट्या कृतीने, पुन्हा लपायचे. खंजीर घेतलेल्या रोगला मात्र शत्रूपर्यंत पोहोचेस्तोवर सगळे गमवावे लागे, कारण मधले वीस-पंचवीस फूट उघड्यावरून जायचे असत आणि त्याला परवानगी देणे न देणे डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, मर्जीवर होते. दबा धरून पाठीत खंजीर खुपसणारे पात्र हाच ज्या क्लासचा मूळ साचा, त्यालाच ते करता येऊ नये, ही स्थिती सुधारणे आवश्यक होते.

म्हणून माझ्या टेबलावर मी निकाल टर्नच्या, म्हणजे पात्राच्या पाळीच्या, शेवटी लावतो. पात्राने स्वतःच्या टर्नमध्ये उघडी जागा ओलांडली तर चालते. पण टर्न संपताना ते ज्याच्या स्पष्ट नजरेच्या टप्प्यात, आडोशाविना उभे असेल, त्या शत्रूने त्याला शोधले असे धरायचे, चेक न मागता.

समजा रोग खांबामागे आहे, तिचा स्टेल्थ १७ आला आहे, पहारेकरी पंचवीस फुटांवर आहे आणि तिचा वेग तीस फूट आहे. ती बाहेर पडते, पहारेकऱ्याला गाठते आणि वार करते: ॲडव्हान्टेज मिळेल, वारानंतर स्थिती संपेल. आता तिला वार करायचा नसून पलीकडचे दार गाठायचे आहे, आणि ते साठ फुटांवर आहे. आधीपासून लपलेली असल्यामुळे डॅश (आपल्या वेगाइतके आणखी अंतर देणारी कृती) वापरून ती एका टर्नमध्ये दारापर्यंत पोहोचते आणि चौकटीआड जाते. ती लपलेलीच राहील. दार सत्तर फुटांवर असेल, तर तिला बोनस ॲक्शनने दुसरा डॅश घ्यावा लागेल, आणि ती ॲक्शन आधीच दुसऱ्या कशावर खर्च झाली असेल तर ती मशालीखाली सापडेल. हे गणित खेळाडूला हलण्यापूर्वी करता येते, आणि मला नेमके तेच हवे असते.

पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाची दुसरी आवृत्ती याहून कडक आहे. तिथे स्नीक करताना, म्हणजे लपून सरकताना, निम्म्या वेगानेच सरकता येते आणि प्रत्येक स्नीकच्या शेवटी कव्हर किंवा अंधुकपणा नसेल तर पात्र आपोआप दिसते. शिवाय फासा जीएम (तिथला खेळ चालवणारा) गुप्तपणे टाकतो. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या ३.५ आवृत्तीत निम्म्याहून अधिक वेगाने हलले की चेकमधून ५ वजा होत, आणि धावले तर २०. वेगाची किंमत मोजायला लावणे मला तत्त्वतः आवडते, पण सहा सेकंदांच्या राउंडमध्ये (सगळ्यांच्या एकेका पाळीच्या फेरीत) ती आकडेमोड खेळ अडवते.

‘पहारेकऱ्याची पाठ होती’ या युक्तिवादाचा निकाल चटकन लावता येतो. मूळ नियमांत तोंड कोणत्या दिशेला आहे याची नोंदच नसते. लढाईत सगळे चौफेर सावध असतात. लढाई सुरू झालेली नसेल आणि पहारेकरी खरोखर दुसरीकडे गुंतलेला असेल, तर मी खुशाल सूट देतो.

अधिक नुकसान करते ती प्रत्येक खोलीत नवा स्टेल्थ चेक मागण्याची सवय. यशाची शक्यता ७० टक्के असलेल्या पात्राला सलग पाच चेक मागितले, तर पाचही जमण्याची शक्यता जेमतेम १७ टक्के उरते. चौघांच्या गटात एकाच चेकमध्ये प्रत्येकाने स्वतंत्र यशस्वी व्हायलाच हवे असे धरले तर ती २४ टक्के होते, आणि मग चिलखत घातलेल्या पॅलाडिनला (धर्मयोद्ध्याला) ‘तू बाहेरच थांब’ असे सांगण्याची पाळी येते. निम्म्या जणांचे जमले तर सगळ्या गटाचे जमले, हा गट-चेकचा नियम याचसाठी आहे. परिस्थिती बदलेपर्यंत पहिलाच आकडा कायम ठेवावा; नवा पहारेकरी आला तर त्याची पर्सेप्शन त्याच आकड्याशी ताडून पाहावी.

हे सगळे मोहीम सुरू होण्याआधी सांगितले तर कोणी फारसे भांडत नाही. तरीही शब्दशः वाचनाचा आग्रह धरणारा एखादा खेळाडू निघतोच, आणि त्याला मी गोब्लिन या खेळातल्या बुटक्या राक्षसांची आठवण करून देतो. बोनस ॲक्शनने लपण्याची सोय गोब्लिनलाही आहे, ते एकेकटे येत नाहीत, आणि त्याचेच वाचन मान्य केले तर तेही भर उजेडात त्याच्या जादूगाराभोवती कोंडाळे करून निवांत उभे राहू शकतील.