डायल ओरिजिनल आहे का हो?

जुन्या एचएमटी घड्याळांचा नाद असलेल्यानं ऑनलाइन लिलावात बोली लावण्याआधी विक्रेत्याला प्रश्न विचारावेत, असं सगळे जाणकार बजावतात. उत्तरं वाचायची पाळी त्यांच्यावर आलेली दिसत नाही.

परवाचं एचएमटीचं 'जनता' मॉडेल घ्या. फोटो ट्यूबलाइटखाली काढलेला, चकाकी नेमकी डायलवर. खाली मजकूर: 'आजोबांचं घड्याळ, रेअर, फुल वर्किंग'. याच गृहस्थांची आणखी डझनभर घड्याळं लिलावाला होती, तीही आजोबांचीच. आजोबांना हात किती होते, हा प्रश्न मी गिळला.

"डायल ओरिजिनल आहे का?"

"सर, घड्याळच ओरिजिनल आहे."

"पण डायल पुन्हा रंगवलीय का?"

"एकदम नवीन दिसते सर."

"मागचं झाकण उघडून मशीनचा फोटो मिळेल?"

"चालू घड्याळ कशाला उघडायचं सर?"

"दिवसाला किती मागे पडतं?"

"तेवढा वेळ चालवलं नाही सर."

डायलसाठी एवढा जीव खायला कारण आहे. सरकारनं २०१६ साली एचएमटीचा घड्याळांचा कारभार गुंडाळायला मंजुरी दिली आणि ड्रॉवरमध्ये पडलेल्या घड्याळांना एकदम भाव आला. मग जुनी डायल घासायची, पोपटी नाहीतर भगवी रंगवायची, वर नाव छापायचं. अशा मालाला जगभरचे संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते कौतुक नव्हे. फोटो मोठा करून पाहिला, तर 'जनता'तला 'ज' कलंडलेला आणि मिनिटांच्या रेघा काठावरून घसरलेल्या.

खरी गोची पुढे आहे. प्रश्न चांगला असला, की काही विक्रेते उत्तर सगळ्यांना दिसेल असं टाकतात. एकदा मी एका घड्याळाच्या झाकणावरचा नंबर विचारला, तर तोवर डुलक्या काढणारे बोलीवाले खडबडून जागे! 'कुणीतरी नंबर विचारतोय, म्हणजे माल खरा.' चारशेवर रखडलेली बोली दुपारपर्यंत बाराशे. तेव्हापासून आवडलेल्या घड्याळाबद्दल मी फक्त पट्ट्याची चौकशी करतो आणि नको असलेल्याचा नंबर विचारतो. हल्ली बाकीचेही पट्ट्याबद्दलच विचारतात.

ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर १९९५ साली पहिली वस्तू विकली गेली, ती म्हणजे बिघडलेला लेझर पॉइंटर. विकणारा होता संस्थापक पिएर ओमिद्यार. त्यानं म्हणे घेणाऱ्यालाच विचारलं, 'बाबा रे, तो बंद आहे, कळलं ना?' तो म्हणाला, 'मी बिघडलेलेच गोळा करतो.' विक्रेत्यानं आपणहून दोष सांगायचा, ही प्रथा त्या लेझरबरोबरच विझली असावी.

'जनता' शेवटी दुसऱ्यालाच गेलं. रात्री आजोबांच्या नातवाचा मेसेज आला:

"सर, तुम्हाला यातलं बरंच कळतं. बाकीच्या घड्याळांचे फोटो पाठवतो. त्यातल्या कुठल्या डायली ओरिजिनल आहेत, सांगाल का?"