दारू सोडवायला निघालो, तर पहिला प्रश्न बजेटचा

"बजेट किती आहे मॅडम?"

पेशंट किती वर्षांपासून पितो, रोज किती लागते, सकाळी हात कापतात का, याआधी फिटचा झटका आला होता का, लिव्हरचे रिपोर्ट आहेत का, यातलं एक अक्षर नाही. बजेट! माझा सख्खा मोठा भाऊ सकाळी सात वाजता दिवाणाखाली बाटली शोधतोय आणि मी व्यसनमुक्ती सेंटरच्या फोनवर एका पोरीला आमचं बजेट सांगायचं. सोफासेट घ्यायला निघालोय का आम्ही?

तरी गेलो. काल दुपारी वहिनीला घेऊन त्या सेंटरला जाऊन आले आणि तेव्हापासून डोकं ठणकतंय. नाव लिहीत नाही, कारण एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटतात, आणि बाकीचेही याच माळेचे मणी आहेत.

इंटरनेटवर 'नागपुरातलं नंबर एक'. प्रत्यक्षात आउटर रिंग रोडच्याही पलीकडे, अर्ध्या प्लॉटांवर नुसतं गवत वाढलेल्या एका लेआउटमध्ये भाड्याचा दुमजली बंगला. गेटला आतून कुलूप. आत एक टेबल, टेबलामागे एक माणूस आणि टेबलावर लॅमिनेट केलेलं रेटकार्ड. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. सिल्व्हरमध्ये आठ जणांची खोली आणि कूलर. गोल्डमध्ये चार जण आणि एसी. प्लॅटिनमला स्वतंत्र खोली, टीव्ही आणि आवडीचं जेवण. डॉक्टर कोणत्या पॅकेजात आहे ते मी दोनदा उलटून पाहिलं. कुठेच नव्हता.

"डॉक्टर कोण आहेत?"

"आहेत ना ताई, व्हिजिटला येतात."

"केव्हा?"

"लागलं तर बोलावतो ना आपण."

"मनोविकारतज्ज्ञ आहेत का?"

"चांगले डॉक्टर आहेत ताई, तुम्ही टेन्शनच नका घेऊ."

"आणि रात्री दोन वाजता झटका आला तर?"

"रात्री आपली पोरं असतात. अनुभवी आहेत. सांभाळून घेतात."

सांभाळून घेतात! ज्यांच्या घरात पिणारा आहे त्यांना मी काय सांगू. रोजची सवय असलेल्या माणसाची दारू एकदम तोडली की पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, तिसऱ्या दिवसाच्या आसपास भ्रम सुरू होऊ शकतो, भिंतीवर किडे दिसतात, माणूस स्वतःच्या पोराला ओळखत नाही, आणि वेळेत औषध मिळालं नाही तर जीवही जाऊ शकतो. मागच्या दिवाळीत दादाने 'आजपासून बंद' म्हणून आपल्या मनाने सोडली होती. दुसऱ्या रात्री न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पडला. डोळे पांढरे, जीभ दातात सापडलेली, बनियन रक्ताने भरलेलं. वहिनीने आणि पुतण्याने त्याला ऑटोत घालून नेलं. तिथल्या डॉक्टरने झटके थांबवायचं इंजेक्शन दिलं, सलाइनमधून थायमिन दिलं, म्हणून आज तो आहे. ते इंजेक्शन कोणती 'अनुभवी पोरं' देणार आहेत? त्यातल्या कोणाला नाडी तरी मोजता येते का?

मग मी नोंदणी विचारली. त्याने बसल्या जागेवरून भिंतीकडे बोट दाखवलं. काचेच्या फ्रेममध्ये प्रमाणपत्र, वर झेंडूचा वाळलेला हार. मी उठले, चष्मा लावला आणि वाचलं. धर्मादाय आयुक्तांकडची ट्रस्टची नोंदणी! ती तर आमच्या मोहल्ल्यातल्या भजनी मंडळाकडेही आहे. म्हटलं, भाऊ, मी मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी विचारतेय. तर म्हणतो, "ताई, ते पागलांसाठी असते. आपल्याकडे पागल नाही ठेवत."

२०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे आपल्या देशात. मे २०१८पासून लागू आहे. दारू आणि ड्रग्जमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था त्यात शब्दशः आजारात धरल्या आहेत. अशा पेशंटला ठेवून उपचार करायचे तर राज्य प्राधिकरणाची नोंदणी हवी. तक्रारीसाठी जे पुनर्विलोकन मंडळ असतं त्याचा पत्ता आणि फोन दिसेल अशा जागी लावायला हवा. आणि ज्याच्या टेबलामागे हे लावलेलं असायला पाहिजे, तो मला सांगतो की ते पागलांसाठी असतं.

याहून वाईट पुढे. वहिनी हळूच म्हणाली, "ते यायला तयार नाही होत हो." तर हा खूश! "काहीच प्रॉब्लेम नाही ताई. आपली चार पोरं गाडी घेऊन येतात, उचलून आणतात. पहाटे येतात, मोहल्ल्यात कोणाला कळतही नाही. पिकअप चार्ज तेवढा वेगळा." वहिनीने पदराचं टोक बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं. तिचा नवरा आहे तो. तिच्या पोरांचा बाप. सामान नाही उचलून न्यायला.

मर्जीविरुद्ध ठेवायचं तर एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा डॉक्टर किंवा मानसिक आरोग्यातला जाणकार, अशा दोघांनी स्वतंत्रपणे तपासून लिहून द्यावं लागतं. तेही जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी. पुढे ठेवायचं तर पुन्हा तपासणी, पुन्हा कागद. इथे सरसकट तीन महिने, आणि 'पहिले तीन महिने भेट नाही, फोन नाही, पेशंट इमोशनल होतो'. भेटण्याचा आणि फोनवर बोलण्याचा हक्क पेशंटला त्याच कायद्याने दिलाय. मी म्हटलं, निदान आत जागा तरी बघू द्या. "ॲडमिट केल्यावर दाखवतो ना ताई." अरे, ॲडमिट केल्यावर तर तू तीन महिने गेटच उघडणार नाहीस! तेवढ्यात वरच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, "ओ मॅडम, माझ्या घरी फोन लावा ना!" हा म्हणतो, "नवीन पेशंट आहे, दोन दिवसांत शांत होतो."

आम्ही उठलो. निघताना मागून आवाज, "आज बुकिंग केलं तर दहा टक्के कमी करून देतो." आणि आज सकाळपासून व्हॉट्सॲपवर गुलाबाच्या फुलावर सुविचार आणि त्याखाली 'पेशंटचे काय ठरले?'

हे एकाच ठिकाणचं असतं तर मी गप्प बसले असते. पण घरबसल्या चार ठिकाणांची तुलना तरी करून दाखवा मला. इंटरनेटवरची यादी उघडा. पहिले पाच नंबर सेंटरचे नसतातच, दलालांचे असतात. विचारलं नागपूरचं तर उचलणारा बोलतो हिंदीत, बसलेला असतो दुसऱ्याच राज्यात, आणि 'आमची सगळीकडे ब्रँच आहे' म्हणून चौथ्याच गावाचं नाव सांगतो. एक जण महिन्याचा रेट सांगतो, दुसरा तीन महिन्यांचा, तिसरा 'औषधं, टेस्ट, कपडे धुणं वेगळं' हे शेवटी सांगतो. आकडा कागदावर द्या म्हटलं की 'मॅडम, एकदा समोरासमोर या'. भाजीबाजारातही पाव किलोचा भाव विचारला की सांगतात. इथे माणूस तीन महिन्यांसाठी आत टाकायचा आणि पूर्ण खर्च किती ते आधी सांगायचा नाही!

आणि ते यशाचे टक्के. ९५ टक्के, ९८ टक्के, एकाने तर १०० टक्के गॅरंटी लिहिलीय. कशाचे टक्के? गेटमधून बाहेर पडला त्या दिवशी पिला नव्हता, याचे? तीन महिने कुलपात ठेवल्यावर कोण पिणार आहे? सहा महिन्यांनी, वर्षाने तुम्ही कोणाला फोन करून विचारलंत? हा आजार पुन्हा उलटतो, हे कोणताही शहाणा डॉक्टर पहिल्याच भेटीत सांगतो. खरं काम सेंटरमधून सुटी झाल्यावर सुरू होतं. गोळ्या, दर पंधरा दिवसांनी भेट, एएच्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडलेल्यांचा गट) मीटिंगा, घरच्यांचं समुपदेशन. त्याबद्दल विचारलं की फोनच्या पलीकडे शांतता.

भिंतींवरच्या जाहिराती वेगळ्याच. अख्ख्या विदर्भात एसटी स्टँडच्या आसपास एक कंपाउंड वॉल सोडलेली नाही. 'पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा.' न सांगता! वरणात काय कालवणार आहात? डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे, डॉक्टर ते पेशंटला सांगून, तपासून, त्याच्या संमतीने देतात, कारण ते पोटात असताना दारू प्यायली तर बीपी कोसळतो, छाती धडधडते, हृदय कमजोर असेल तर माणूस जातो. आणि हे लोक बायकांना पुड्या बांधून देतात. आमच्या नात्यात एका बाईने दिली होती तशी पुडी. नवरा रात्रभर ओकत होता आणि तिला सांगताही येत नव्हतं की काय घातलं ते. तिला दोष देत नाही मी. तिच्यापर्यंत ती भिंत पोहोचली होती, डॉक्टर पोहोचला नव्हता.

नातेवाईक तर विचारूच नका. 'माळ घाला', 'परमात्मा एक पंथाचे सेवक व्हा'. त्यांच्यावर राग नाही माझा. माळेने सुटलेले, परमात्मा एकमध्ये जाऊन सुटलेले लोक मी स्वतः पाहिलेत आणि त्यांच्या बायकांच्या चेहऱ्यावरचं हसूही पाहिलंय. राग आहे तो 'वहिनीच कटकट करत असेल' म्हणणाऱ्यांवर. त्या बाईने सोळा वर्षं घर ओढलं. एकदा तरी येऊन तिच्या स्वयंपाकघरात बसा आणि मग बोला.

विम्याचंही बघून घेतलं. आरोग्य विमा ज्याचे पैसे देत नाही त्या प्रमाणित वगळणुकींत १२ क्रमांकाची वगळणूक आहे, दारू, ड्रग्ज आणि कोणत्याही व्यसनाचा उपचार आणि त्याचे परिणाम. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्या असं कायदा म्हणतो, आणि व्यसन आलं की पॉलिसी दार लावून घेते. म्हणजे खिशातूनच द्या. आणि खिसा तर त्याच आजाराने आधीच रिकामा केलेला.

'पुण्याला न्या, मुक्तांगणला' हे सगळ्यांनी सांगून झालं. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी उभं केलेलं काम, आदर आहेच. पण ते सातशे किलोमीटरवर. दादा हिंगण्याला कंपनीत, पोरगा दहावीत, वहिनी शिवणकाम करते. सुटी झाल्यावर दर पंधरा दिवसांनी पुण्याला कोण नेणार? हा उपचार घराजवळच पाहिजे. वर्धा अनेक वर्षं दारूबंदीत, गडचिरोलीत १९९३पासून बंदी, चंद्रपूरला २०१५मध्ये लावली नि २०२१मध्ये उठवली. बंदी लावा की उठवा यावर आमच्याकडे मोर्चे निघतात, निवडणुका होतात. पण आधीच अडकलेल्या माणसाने जायचं कुठे, यावर भाषण ऐकलंय कोणी? गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात मुक्तिपथ हे दारू-तंबाखूमुक्तीचं अभियान २०१६पासून गावागावांत काम करू शकतं आणि उपराजधानीतल्या बाईला दलालाच्या फोनवर अवलंबून राहावं लागतं, हे मला सहनच होत नाही.

२०१९मध्ये दिल्लीच्या एम्सने देशभराचा अहवाल दिला होता. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांतल्या एकालाच कोणतातरी उपचार मिळतो. भरती होऊन उपचार तर १८० जणांत एकाला. ३७ जणांचे घरचे काय झोपलेत का? ते माझ्यासारखेच फोन लावत बसलेत. त्याच २०१७च्या कायद्यात लिहिलंय की राज्य प्राधिकरणाने नोंदणीकृत संस्थांची यादी इंटरनेटवर प्रसिद्ध करायची. मग व्यसनमुक्ती केंद्र असं शोधलं की ती यादी सगळ्यात आधी का दिसत नाही? पैसे भरून वर चढलेली सोनेरी अक्षरंच का दिसतात? प्रत्येक नावापुढे नोंदणी क्रमांक, मनोविकारतज्ज्ञाचं नाव, रात्री डॉक्टर असतो का, महिन्याचा पूर्ण खर्च, शेवटची तपासणी कधी झाली, एवढं लिहायला किती शाई लागते?

पुढच्या मारबतीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या आमच्या मिरवणुकीत, एक बडग्या (पुतळा) या दलालांचा निघालाच पाहिजे. गळ्यात ते रेटकार्ड घालून. घेऊन जा गे मारबत, आणि परत आणू नको.

दादाला आम्ही आता सरकारी दवाखान्यातच नेतोय. मेडिकल, मेयो, मिहानचं एम्स, मानकापूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय, या चारही ठिकाणी मनोविकारतज्ज्ञ बसतात आणि कोणीही बजेट विचारत नाही. मानकापूर म्हटलं की आमच्याकडे लोकांची तोंडं वाकडी होतात. होऊ देत. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा केंद्र सरकारचा टोल फ्री नंबर आहे, १४४१६ टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा. ज्यांच्या हातात आत्ता मोबाइल आहे त्यांनी दलालाच्या आधी हे दोन सेव्ह करा.

आणि नागपुरात, वर्ध्यात, भंडाऱ्यात ज्यांनी आपलं माणूस कुठे ठेवून आणलंय, त्यांनी खाली लिहा. एसी होता का ते नको. डॉक्टर रात्री होता का, पहिल्या आठवड्यात कोणती औषधं दिली, भेटू देत होते का, बिल शेवटी किती झालं, आणि घरी आल्यावर त्यांनी एकदा तरी फोन केला का, ते लिहा. वहिनी वाचणार आहे.