स्टेशन मागताय ना, मग दार कुठे ते पण मागा

पुण्याच्या स्वारगेट-कात्रज मेट्रोत बालाजीनगर आणि बिबवेवाडी अशी दोन स्टेशनं वाढवायचं ठरलं त्याला बरेच दिवस झाले, पण आमच्या फॅमिली ग्रुपवर त्यावरून कुस्ती अजून चालूच आहे. भाचा बालाजीनगरचा, तो जाम खूश. चुलत बहीण कात्रजच्या पुढे राहते, ती म्हणते अजून दोन ठिकाणी गाडी थांबणार तर मग बस काय वाईट होती. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, पंचाईत तीच आहे.

आता मी गोव्यात फोंड्याला बसून यात तोंड घालतोय म्हणजे जरा अतीच, कारण आमच्याकडे मेट्रो सोडा, राजधानीच्या शहरात साधं रेल्वे स्टेशन नाही, करमळीला उतरा आणि पुढचे दहा-बारा किलोमीटर तुमचं तुम्ही बघा. पण गाडी कुठे थांबावी हे कळायला मेट्रोच लागते असं थोडंच आहे, फोंडा-पणजी प्रायव्हेट बसमधून एकदा येऊन बघा. म्हार्दोळला कंडक्टर शिट्टी मारतो, दोन बायका टोपल्या घेऊन उतरतात, बस सुटते न सुटते तोच वीस पावलांवर कोणीतरी हात दाखवतो, परत शिट्टी, परत ब्रेक. त्या माणसाला वीस पावलं चालून यायला काय झालं होतं? आणि आत उभे असलेले आम्ही पन्नासजण घड्याळ बघतोय, बोलत मात्र कोणीच नाही, कारण उद्या तो हात आपलाच असणार.

मेट्रोत हेच गणित जरा मोठं होतं. एका जादा स्टेशनवर थांबायचं म्हणजे ब्रेक, दारं उघडणं-मिटणं आणि परत स्पीड धरणं मिळून साधारण पाऊण-एक मिनिट जातं. समजा गाडीत पुढे जाणारी 800 माणसं आहेत, तर 800 मिनिटं गेली. तिथे चढणारे-उतरणारे 100 असले आणि प्रत्येकाची 10 मिनिटांची पायपीट वाचली तर 1000 मिनिटं कमावली, स्टेशन पाहिजेच. 40 च असले तर राहू दे. (गुडघे दुखणाऱ्या माणसाची 10 मिनिटं आणि कॉलेजच्या पोराची 10 मिनिटं सारखी धरायची का, हा वेगळा वाद, माझ्या मते धरू नयेत.) पण खरी गोम अशी की ज्याची 10 मिनिटं वाचणार तो नगरसेवकाला गाठतो, सह्या गोळा करतो, मोर्चा काढतो, आणि ज्याचं एक मिनिट जाणार त्याला पत्ताही नसतो. म्हणून स्टेशन वाढवा म्हणणारे ढीगभर, नको म्हणायला कोणी नाही.

तरी पुण्याच्या बाबतीत मी भाच्याच्या बाजूने आहे. साडेपाच किलोमीटरच्या आसपासच्या लाइनवर आधी मार्केट यार्ड, पद्मावती, कात्रज अशी तीनच स्टेशनं होती, म्हणजे सरासरी पावणेदोन-दोन किलोमीटरवर एक, आणि तेसुद्धा एवढ्या दाट वस्तीत. कात्रज स्टेशनची जागा थोडी सरकवून आणि ही दोन वाढवून 683 कोटी जादा लागणार, रक्कम ऐकून डोळे पांढरे होतात हे मान्य, पण जमिनीखालचं स्टेशन नंतर सवडीने करू म्हणता येत नाही. प्लॅटफॉर्मला बोगदा सरळ आणि सपाट लागतो, तो तसा ठेवलेला नसेल आणि एकदा गाड्या धावायला लागल्या की मग विसराच. न्यूयॉर्कने 7 नंबरची लाइन वाढवताना टेन्थ ॲव्हेन्यूचं स्टेशन खर्चापायी गाळलं, 2015 मध्ये लाइन सुरू झाली ती एकाच नव्या स्टेशनसकट. सिंगापूरने उलट केलं. 2003 मध्ये नॉर्थ ईस्ट लाइन सुरू झाली तेव्हा बुआंगकोक स्टेशन बांधून तयार होतं, पण वस्ती कमी म्हणून कुलूप लावून ठेवलं. लोक एवढे वैतागले की 2005 मध्ये तिथे कोणीतरी पुठ्ठ्याचे पांढरे हत्ती उभे केले! 2006 मध्ये उघडलं. त्याच लाइनवरचं वुडली स्टेशन तर 2011 पर्यंत बंद होतं. हत्तींवरून हसायचं तेवढं हसा, पण खड्डा आधीच खणून ठेवला होता म्हणून नुसतं कुलूप काढून भागलं.

बंद करायचं म्हटलं तर मात्र दंगाच. लंडनचं ऑल्डविच 1994 मध्ये बंद झालं, लिफ्ट बदलायला आल्या होत्या आणि प्रवासी अगदी मोजके. त्याच शहरात मॉर्निंग्टन क्रेसेंट 1992 मध्ये लिफ्टसाठीच बंद झालं, लोकांनी पिच्छा सोडला नाही आणि 1998 मध्ये परत उघडलं. मला सगळ्यात पटतं ते न्यूयॉर्कच्या 91 व्या स्ट्रीटचं. गाड्या लांब झाल्या म्हणून 86 आणि 96 चे प्लॅटफॉर्म लांबवले, 96 ला एक नवीन दार थेट 94 व्या स्ट्रीटवर काढलं, आणि मधलं 91 चं 1959 मध्ये बंद केलं. स्टेशन गेलं खरं, पण जिना दोन-तीन गल्ल्या सोडून मिळालाच की!

म्हणून भाच्याला सांगितलं, स्टेशन मिळालं म्हणून पेढे वाटू नकोस, आधी दारं किती आणि कुठे ते विचार, सातारा रोडच्या दोन्ही बाजूंना आहेत का ते बघ. भर ट्रॅफिकमध्ये रस्ता ओलांडायला सात मिनिटं लागणार असतील तर घराजवळ स्टेशन असून काय उपयोग.

आमच्याकडे तर शेड एकीकडे आणि बस थांबते भलतीकडेच, शेडमध्ये लॉटरीवाला बसलेला असतो. तर मंडळी, गोव्यातले कुठले थांबे तुम्ही बंद कराल ते खाली नावासकट लिहा, फक्त पहिलं नाव स्वतःच्या घरासमोरच्या थांब्याचं पाहिजे.