अठराचा नियम आणि इतर अफवा

असेंद्रिय रसायनशास्त्र सोपं आहे असं सांगणारा माणूस एकतर पहिल्या वर्षाला असतो किंवा निवृत्त झालेला असतो. पहिल्या वर्षी हा विषय मोठा सालस दिसतो. आवर्तसारणी, संयुजा, थोडी घोकंपट्टी, की सुटलो. एमएस्सीला त्याचे खरे रंग कळतात, आणि त्या रंगांचीही कारणं लिहावी लागतात.

सुरुवात सममितीपासून. रेणू मनातल्या मनात फिरवायचा, आरशात बघायचा, उलटा करायचा आणि तो आधीसारखाच दिसतो का ते सांगायचं. अष्टफलकी रेणूसाठी अशा तब्बल ४८ क्रिया. त्यांतल्या काहींत आधी फिरवायचं आणि मग अक्षाला लंब असलेल्या आरशातून काढायचं. हातातलं मॉडेल फिरतं, पण आरशातून काही निघत नाही. त्यामुळे सर ही क्रिया निव्वळ हातवाऱ्यांनी करतात आणि वर्ग समजल्यासारखी मान हलवतो. ४८ पैकी एक क्रिया मात्र मला पहिल्याच तासाला पक्की जमली. तिचं नाव आयडेंटिटी, म्हणजे काहीही न करणे. तिच्यावाचून या क्रियांचा गट पुराच होत नाही, असं गणित सांगतं. घरी हा मुद्दा अजून कोणी मान्य केलेला नाही.

मग टर्म सिम्बॉल, म्हणजे अणूतल्या इलेक्ट्रॉनांच्या एकत्रित अवस्थेचं नाव. डी ऑर्बिटल, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या डी प्रकारच्या जागा, पाच; त्यांत इलेक्ट्रॉन फक्त दोन. ते किती तऱ्हांनी बसतील? ४५. तक्ता आखून, वर-खाली बाण काढून सगळ्या मायक्रोस्टेट, म्हणजे बसण्याच्या या तऱ्हा, मोजाव्यात, तर भरतात ४४. हरवलेली ती एक बहुधा सिंगलेट एस नावाच्या टर्मची असते. त्या बिचाऱ्याच्या वाट्याला मुळात एकच येते. पाच इलेक्ट्रॉन घेतले तर हा आकडा २५२ वर जातो. तो तक्ता अजून परीक्षेत आलेला नाही, म्हणजे पेपर काढणारेही शेवटी माणसंच.

यान-टेलर प्रमेय १९३७ सालचं. ते म्हणतं की तांब्याच्या द्विसंयुजी संयुगासारखा अष्टफलकी रेणू आपला आकार बिघडवणार, नक्की बिघडवणार. लांबेल की दबेल? ते प्रमेय सांगत नाही. किती? तेही नाही. इतकं मोघम भविष्य सांगून ज्योतिषी दक्षिणा मागायला धजावणार नाही. इथे मात्र त्यावर दहा गुणांचा प्रश्न असतो.

पण खरा छळ रंगांचा. डी ऑर्बिटलांचे दोन गट पडतात, इलेक्ट्रॉन खालून वर उडी मारतो, त्यासाठी प्रकाश गिळतो, म्हणून रंग दिसतो. हे पटायला सहा महिने जातात. पटलं की सर पोटॅशियम परमँगनेट दाखवतात. प्रयोगशाळेतली सगळ्यात गडद बाटली तीच, आणि त्यातल्या मँगनीजकडे डी इलेक्ट्रॉन शून्य! तिथे ऑक्सिजनकडचा इलेक्ट्रॉन धातूकडे जातो, ते प्रकरणच वेगळं. उलट द्विसंयुजी मँगनीजकडे पाच डी इलेक्ट्रॉन, आणि त्याचं द्रावण इतकं फिकं गुलाबी की कागद मागे धरून बघावं लागतं. कारण उडी मारायची तर इलेक्ट्रॉनाला आपला स्पिन, म्हणजे फिरकी, उलटावी लागते आणि त्याला मनाई आहे. मनाई असूनही थोडे मारतातच, म्हणून ते फिकं गुलाबी. माणिक लाल दिसतं ते क्रोमियममुळे. पाचू हिरवा दिसतो तोही बहुधा त्याच क्रोमियममुळे, तेच तीन धनभार, भोवती तेच सहा ऑक्सिजन. फक्त पाचूत ऑक्सिजनांचा क्रोमियमवरचा जोर, म्हणजे क्षेत्र, किंचित कमजोर. एवढ्याशा फरकाने लालाचा हिरवा होतो, आणि आम्ही उत्तरात किंचित फरक केला की शून्य.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. चेहरा प्रेमळ.

‘अठरा इलेक्ट्रॉनांचा नियम सांगा.’

सांगितला: धातूभोवती बाहेरचे एकूण अठरा इलेक्ट्रॉन झाले की संयुग स्थिर.

‘छान. व्हॅनेडियम हेक्झाकार्बोनिल?’

‘सतरा, सर.’

‘कोबाल्टोसीन?’

‘एकोणीस.’

‘निकेलोसीन?’

‘वीस.’

‘मग नियम पाळतं कोण?’

‘फेरोसीन, सर. क्रोमियम हेक्झाकार्बोनिलसुद्धा.’

‘वा!’ सर खुर्ची पुढे ओढून बसले. ‘आता सोळावाल्यांकडे वळू या.’