दाजींना लागलं का?

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, रात्री आमच्या अमळनेरच्या गच्चीवर पत्त्यांचा डाव बसतो. एरवी पत्त्यांचं नाव काढलं तरी आई लाटणं शोधते, पण त्या दिवशी संध्याकाळी ती स्वतःच गच्चीवर चार बादल्या पाणी मारते. आखाजीला खेळलेलं चालतं, हा खानदेशातला अलिखित कायदा. त्याच कायद्याच्या आडोशानं यंदा मी पत्त्यांऐवजी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' मांडलं. पुण्याला नोकरीत होतो तेव्हा आठ वर्षं दर शनिवारी खेळलो होतो. तिथे चार परकी पोरं असायची, इथे घरची माणसं होती. एवढाच काय तो फरक, असं तेव्हा वाटलं.

खेळ सांगायला सोपा आहे. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात, आणि काही अवघड करायचं असलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. वीस पडले तर सोनं, एक पडला तर माती. गोष्ट सांगणारा तो डंजन मास्टर. गुहा, राक्षस, पाऊस, सगळं त्याच्या हातात. निदान नियमपुस्तकात तरी.

दाजी बहिणीला सोडायला आले होते. उन्हं उतरली की निघतो म्हणून थांबले, आणि अमळनेरला वैशाखातली उन्हं जूनशिवाय उतरत नाहीत. त्यांच्याबरोबर त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. शिवाय वहिनी. आणि शेजारचे आप्पा, निवृत्त तलाठी, जे खरं तर तीनपत्ती खेळायला सुटे पैसे घेऊन आले होते.

पात्र तयार करताना एक रकाना येतो, अलाइनमेंटचा. पात्र नियमानं वागणारं की मनमानी, आणि भलं की बुरं, हे त्यात आधीच लिहून द्यायचं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली हा खेळ काढला तेव्हा लॉ, न्यूट्रल आणि केऑस अशी तीनच घरं होती. भल्याबुऱ्याची भर नंतर पडली आणि १९७८च्या 'प्लेअर्स हँडबुक'मध्ये ती नऊ झाली. मी हे सगळं रंगून समजावलं. तिघांनी न विचारता 'लॉफुल गुड', म्हणजे नियमानं वागणारं आणि भलं, असं लिहिलं.

"आप्पा, नऊ घरं आहेत. दुसरं काही घेऊन बघा की."

"रकाना भरायचा असतो रे," आप्पा म्हणाले. "खरा करायचा नसतो."

भाच्यानं 'केऑटिक न्यूट्रल' लिहिलं, म्हणजे मनमानी, पण ना भलं ना बुरं. प्रत्येक टेबलावर हे लिहिणारा एक तरी पोरगा असतोच. त्याला बुरंच व्हायचं असतं, पण आजी बघत असते.

दाजी पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा, झाले. जुन्या नियमांत पॅलाडिनला लॉफुल गुड असणं सक्तीचं होतं, जाणूनबुजून वाईट वागला की त्याची सगळी शक्ती जायची. २०१४च्या आवृत्तीत ती अट राहिली नाही, पण दाजींना अटच आवडली. "पदाला शोभतं," म्हणाले. कोणत्या पदाला, ते सांगायची गरज नव्हती. त्यांच्या वाटीत आमरस कमी झालेला मला कधी दिसलेला नाही.

गुहेच्या तोंडाशी पोचायला आम्हांला सव्वा तास लागला. तिथे आप्पांनी गुहेचा सातबारा मागितला. गुहेचा सातबारा नसतो, असं मी म्हणालो. "मग आत कोणत्या अधिकारात जायचं?" लॉफुल या शब्दाचा इतका कडक अर्थ मी पुण्यात आठ वर्षांत ऐकला नव्हता. शेवटी वहिनींच्या धर्मगुरूनं गुहा गावठाणात आहे असं जाहीर केलं आणि सगळे आत गेले.

आत एक गॉब्लिन, म्हणजे बुटका राक्षस, सापडला, हात वर केलेला. या खेळातला हा जुना पेच आहे. शरण आलेल्याला मारावं तर भलेपणा जातो, सोडावं तर तो पुढे जाऊन बोंब मारतो. पुण्यात यावर आम्ही तीन शनिवार भांडलो होतो आणि एका पोरानं ग्रुपच सोडला होता. इथे मी बोलता बोलता सांगून बसलो की, पूर्वीच्या नियमांत प्रत्येक अलाइनमेंटची स्वतःची भाषा असायची आणि अलाइनमेंट बदललं की ती भाषा माणूस विसरायचा.

आप्पा लगेच सरसावले. गॉब्लिनला अहिराणीत म्हणाले, "तू कोना पोऱ्या शे रे?"

आता गॉब्लिन म्हणजे मीच. "मना बाप मरी गया," मी म्हणालो. इथवर ठीक होतं. पुढे घाईत तोंडातून निघालं, "मला प्लीज सोडा ना!"

"हाऊ ते पुन्याना दिखस!" आप्पा म्हणाले, आणि त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती गॉब्लिनसाठी नव्हती.

तरी बाप नसलेलं पोर म्हणून सगळे हळहळले. आखाजीला सालदारांची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्यांची, नवी सालं ठरतात. दिवस तोच होता, सवय तीच होती. दहा मिनिटांत गॉब्लिन वर्षाला दोन पोती ज्वारी, दोन जोडी कपडे आणि चपला एवढ्यावर सालदार म्हणून ठरला. चपला वहिनींनी वाढवून दिल्या. तीन शनिवारांचा पेच असा सुटला.

तेवढ्यात भाच्यानं फासा टाकला. अठरा. "मी पॅलाडिनच्या कमरेची थैली मारतो," तो म्हणाला. "माझं कॅरॅक्टर असंच वागणार."

दाजींनी आमरसाची वाटी खाली ठेवली. "घरी चल. तुझ्या कॅरॅक्टरचं बघतो."

वातावरण बदलावं म्हणून मी घाईघाईनं एक ओगर आणला. सहा हात उंच धिप्पाड राक्षस, हातात सोटा. साहजिकच तो सगळ्यांत पुढे उभा असलेल्यावर धावतो, आणि पुढे पॅलाडिनच होता, कारण जावई मागे कसे उभे राहणार? लग्नपत्रिका उभी करून तिच्या आडोशाला मी फासा टाकला.

वीस.

वीस पडले की घावाचे फासे दुप्पट. मी मोजले, सत्तावीस झाले. दाजींच्या पात्राचा जीव सगळा बारा. उरलेला घाव पूर्ण जिवाइतका किंवा जास्त असेल, तर बेशुद्धी नाही, जागच्या जागी मरण. पंधरा उरत होते.

खालून जिन्यातून आईचा आवाज आला, "काय रे, एकदम शांत का झालात? दाजींना लागलं का?"

आठ वर्षांत मी फाशाचा आकडा कधी खोटा सांगितला नव्हता. त्याबद्दल मी पुण्यात भाषणंही दिली होती.

"तीन पडले," मी म्हणालो. "हुकला!"

दाजींनी मान डोलावली. तेच अपेक्षित होतं. भाच्यानं मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही. पण वहिनी नेमक्या तेव्हा माझ्या मागून कुरडयांची परात घेऊन चालल्या होत्या.

पुढच्या फेरीत ओगर त्यांच्या धर्मगुरूवर वळला. पडले अठरा. मी "लागला" म्हणायला तोंड उघडलं.

"भाऊजी," वहिनी कुरडई मोडत म्हणाल्या, "नीट बघा बरं. मघाशी वीसला तीन दिसले होते तुम्हांला."

"...चार," मी म्हणालो. "हुकला."

त्यांच्या कागदावर अजूनही 'लॉफुल गुड' लिहिलेलं होतं. उरला भाचा. पण भाच्याला मारलं तर आई जिना चढून वर आली असती. म्हणजे आप्पा. मी ओगरचं तोंड आप्पांकडे वळवलं, सोटा उचलला, फासा मुठीत घोळवला.

आप्पांनी शांतपणे चष्मा पुसला, ओगरला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "तू कोना पोऱ्या शे रे?"